न सांगितलेले वजन

एकदा एका जुन्या पुलाची जबाबदारी एका वृद्ध अभियंत्याकडे होती. सेवेतून निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला होता. तरीही त्या पुलाची प्रकृती त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती, म्हणून शासनाने त्यांना सल्लागार म्हणून ठेवून घेतले होते. मर्यादेपेक्षा जड वाहन पुलावरून न्यायचे असेल तर त्यांच्या संमतीवाचून परवाना मिळत नसे. सगळे त्यांना नाना म्हणत.

त्यांच्या हाताखाली रेवती सोनटक्के नावाची तरुण अभियंता काम शिकत होती. नदीपलीकडचे गाव हे तिचे जन्मगाव. आदल्या वर्षी त्या गावात पूर शिरला, तेव्हा तिच्या आईवडिलांनी शाळेच्या गच्चीवर आसरा घेतला होता. आता गावाच्या कडेने दगडी संरक्षक भिंत उभी राहत होती. पावसाळा तोंडावर आला होता आणि भिंत अजून अर्धी होती.

भिंतीला लागणारी खडी आणि धोंडे पुरवण्याचे काम हणमंतशेठ नावाच्या खाणमालकाकडे होते. एके दिवशी ते नानांकडे आले.

"नाना, गाडीमागं थोडी खडी जास्त भरू द्या," ते म्हणाले. "लई नाही. एवढ्याच भरलेल्या डंपरनं भिंत पावसाआधी होत नाही, आणि दुसऱ्या गाड्या मला कुठं मिळत नाहीत. काम तुमचं नाही, माझं नाही, गावाचं आहे."

नानांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "नाही, शेठ. खडीला जास्तीचा परवाना मिळणार नाही."

हणमंतशेठ उठून गेले. रेवतीला वाईट वाटले, पण गुरूचा शब्द तिने मानला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुसरा अर्ज आला. पलीकडच्या वीज उपकेंद्रासाठी एक प्रचंड ट्रान्सफॉर्मर न्यायचा होता. त्याचे वजन हणमंतशेठच्या भरलेल्या डंपरच्या कित्येक पटींनी अधिक होते. रेवतीची खात्री होती की नाना तो अर्ज परत पाठवतील. नानांनी मात्र कंपनीच्या माणसांना समोर बसवून बारीकसारीक प्रश्न विचारले, त्यांच्याकडून दोनदा आकडेमोड बदलून घेतली आणि शेवटी परवान्याला संमती दिली.

त्या दिवशी रेवतीचे जेवणावरून मन उडाले. ज्या माणसाकडे आपण सचोटी शिकायला आलो, तोही मोठ्या कंपनीपुढे नमला की काय, ही शंका तिच्या मनातून जाईना. तिने ती बोलून दाखवली नाही.

ट्रान्सफॉर्मर नेण्याचा दिवस उजाडला. सकाळीच पूल दोन्ही बाजूंनी बंद करण्यात आला. अलीकडच्या काठावर वाहनांची रांग लागली, तीत हणमंतशेठचे डंपरही होते. असंख्य चाकांचा लांबलचक ट्रेलर ते धूड घेऊन पुलाच्या तोंडाशी आला, तसे नाना रेवतीला म्हणाले, "चल, खाली जाऊ."

"खाली कुठे, सर?"

"पुलाखाली."

दोघे काठाच्या पायऱ्या उतरून नदीपात्रात गेले. उन्हाळ्याने पात्र कोरडे पडले होते. पुलाच्या मधल्या कमानीच्या अगदी खाली नाना हातातली काठी टेकून उभे राहिले. रेवती त्यांच्या शेजारी उभी राहिली. डोक्यावरून तो ट्रेलर माणसाच्या चालीने सरकू लागला. पूल एकवार हुंकारल्यासारखा वाजला. नाना कमानीच्या सांध्यांकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर घरी अंगणात उभ्या असलेल्या माणसाचे स्वास्थ्य होते. ट्रेलर पलीकडे उतरला, तेव्हा त्यांनी समाधानाने मान हलवली.

मग वरचा अडसर निघाला. रांगेतला पहिला डंपर, हणमंतशेठचा, खडीने भरलेला, नेहमीच्या वेगाने पुलावर चढला. त्याचा आवाज कानी येताच नानांनी रेवतीचे कोपर धरले आणि तिला जवळजवळ ओढतच कमानीखालून बाहेर नेले. त्या वयात ते इतके झपाझप चालू शकतात हे तिने प्रथमच पाहिले.

काठावर पोहोचल्यावर ती थांबली. इतके दिवस दाबून ठेवलेले तिच्या तोंडून बाहेर पडले.

"सर, मला हे समजत नाही. एवढा डोंगर डोक्यावरून गेला तेव्हा तुम्ही जागचे हलला नाहीत. आणि आमच्या गावच्या भिंतीची खडी आली तर पळालात. परवाना त्यांना दिलात, यांना नाही दिलात. माझे आईवडील पलीकडे राहतात, सर."

"माहीत आहे मला," नाना म्हणाले. "आधी वर चल. मागून येणारी गाडी थांबवू."

पुलाच्या तोंडाशी वजनकाटा होता, पण खाणीवर वजन झालेल्या गाड्या तिथे पुन्हा तोलण्याचा प्रघात नव्हता. नानांनी दुसरा डंपर काट्यावर घ्यायला लावला. वजन मर्यादेच्या पुढे गेले. चालक खाली उतरला आणि नजर न उचलता म्हणाला, "खाणीच्या काट्यावर बरोबर होतं, साहेब. काटा झाल्यावर वर आणखी भरतात."

एव्हाना हणमंतशेठ जीपमधून तिथे येऊन पोहोचले होते. त्यांनी नाकबूल केले नाही.

"होय, भरायला मीच सांगितलं," ते म्हणाले. "पण तुम्हीही मला एक सांगा, नाना. कंपनीचा डोंगर चालतो, आणि माझी ओंजळभर खडी चालत नाही? हा कुठला न्याय?"

रांगेतले लोक भोवती जमले होते. त्यांत पलीकडच्या गावचेही होते, आणि त्यांचे मन शेठच्या बाजूला होते हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होते. रेवतीही उत्तराची वाट पाहत होती.

नाना काट्याच्या कठड्यावर बसले.

"शेठ, त्या डोंगरानं मला स्वतःविषयी सगळं सांगितलं होतं," ते म्हणाले. "कुठल्या चाकावर किती भार आहे, तो पुलाच्या कुठल्या रेषेवरून जाणार, किती हळू जाणार, सगळं. ते कळलं म्हणून मी तो भार कितीतरी चाकांवर वाटून घेतला, पूल रिकामा केला आणि त्याला एकट्याला जाऊ दिलं. त्याचे दोन तुकडे करता आले असते तर त्यालाही मी परवाना दिला नसता. तुमच्या खडीचे तुकडे आधीच झालेले आहेत. ती कमी कमी करून नेता येते. आणि आज तुमची गाडी पुलावर आली तेव्हा तिच्यात काय आहे ते मला माहीतच नव्हतं. ती मोजक्या चाकांवर, वेगानं आली, आणि दुसरी तिच्या पाठोपाठ यायला निघाली होती. तशाच रोज येत असणार. पूल जड वस्तूला भीत नाही. त्याच्यापासून लपवलेलं वजन त्याला आतून थकवत जातं, आणि तो कधी थकला हे आपल्याला कळतही नाही. म्हणून मी या मुलीला खालून बाहेर काढलं." त्यांनी रेवतीकडे पाहिले. "पूर आला तर तुझ्या गावाला बाहेर पडायला हाच एक पूल आहे. भिंत बांधण्यासाठी तो खर्ची घालायचा का?"

पलीकडच्या गावचा एक म्हातारा पुलाकडे वळून पाहत राहिला.

हणमंतशेठ मोठे खाणमालक होते, पण हट्टी नव्हते. ते म्हणाले, "खडी मी कमी करतो. पण नाना, भिंतीच्या पायाचे धोंडे? ते फोडले तर पायात बसत नाहीत. त्यांचे तर तुकडे होत नाहीत ना?"

नाना प्रथमच हसले. "आता तुम्ही माझ्याशी बोलायला लागलात. धोंडा किती भरतो ते खरं सांगा, त्याला जास्त चाकांचा ट्रेलर आणा. त्याचा परवाना मी अडवणार नाही. आणि खडीच्या फेऱ्या वाढवायला पूल तुम्हाला पहाटेपासून मोकळा करून देतो. तेवढं बघणं माझ्याकडे लागलं."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. थोडं जास्त चालेल का, एवढंच विचारलंत. पण चूक माझीही आहे. नाही म्हणून गप्प बसलो. पुढची वाट दाखवायला हवी होती."

काट्यावरच्या डंपरमधली जास्तीची खडी तिथेच उतरवण्यात आली. गावच्या लोकांनी फावडी आणून चालकाला हात दिला, आणि रेवतीही ओढणी खोचून त्यांच्यात उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून उजाडण्याआधीच डंपर धावू लागले, हलके आणि एकमेकांत अंतर ठेवून. पायाचे धोंडे लांब ट्रेलरवर एकेक करून गेले. प्रत्येक धोंड्याचे वजन हणमंतशेठ स्वतः येऊन रेवतीला सांगत, आणि तोंडी सांगून झाल्यावर काट्यावर चढवून दाखवत. भिंत पहिल्या पावसाआधी पुरी झाली नाही, थोडी राहिली. पण त्या वर्षी नदी चढली तेव्हा उरलेल्या फटीत गावकऱ्यांनी वाळूची पोती रचली आणि पाणी गावाबाहेरून गेले. रेवतीच्या आईने त्या रात्री घरातच स्वयंपाक केला.

पुढे नानांनी काम सोडले आणि ती जागा रेवतीकडे आली. एकदा सिमेंटच्या कारखान्यातला एक वाहतूकदार तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तो घाबरलेला दिसत होता.

"मॅडम, आमच्या यंत्राचा एक भाग न्यायचाय," तो म्हणाला. "मर्यादेत बसत नाही. लोक म्हणाले होते, तसाच घेऊन जा, कोण बघतंय. पण म्हटलं, आधी सांगावं."

रेवतीने हातातले काम बाजूला ठेवले आणि समोरची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बरं केलंत," ती म्हणाली. "बसा. खरं वजन किती आहे ते सांगा, म्हणजे कसं न्यायचं ते आपण ठरवू."

जो आपला भार मोकळेपणाने सांगतो, त्याच्यासाठी वाट शोधता येते.