सिदाप्पाची जीप मुहूर्ताला पोचली

एका माळावरच्या गावात एक भोळा जीपवाला होता. नाव सिदाप्पा. त्याची जीप काही लवकर चालू व्हायची नाही, आणि त्याचं डोकंही.

त्याचं लग्न ठरलं शेजारच्या गावातल्या शेवंताशी. सासरा मोठा खमक्या. म्हणाला, "तुमच्या जीपची कीर्ती ऐकलीय आम्ही. सोमवारी बाराच्या मुहूर्ताला नवरा मांडवात पाहिजे. नाही आला, तर पोरीला दुसरा बघतो."

सिदाप्पाच्या आईला घोर लागला. "लेका, दस्तगीर मेस्त्रीला दाखव जीप. तो सांगेल तस्सं कर."

गुरुवारी पहाटे जीप चालू होईना. घुर्र घुर्र करायची, की गप्प. मेस्त्रीनं बॉनेटवर हात ठेवला. "थंडीनं गारठलंय इंजिन. रात्री वर वाकळ घालत जा."

"एवढंच ना? आता नाही चुकायचा," सिदाप्पा म्हणाला.

शुक्रवारी भर दुपारी बाजारातनं येताना इंजिन तापलं. फुस्स करून वाफ सोडली आणि बंद. सिदाप्पानं बॉनेटवर वाकळ घातली. वरनं आईचं लुगडं. वाकळीतनं धूर निघाला तसा म्हणाला, "घाम फुटला. आता बरं वाटेल हिला."

मेस्त्री पळत आला, जळकी वाकळ ओढून काढली. "अरे येड्या, तापलंय ते! निवू द्यायचं, मग गार पाणी घालायचं!"

"एवढंच ना? आता नाही चुकायचा."

शनिवारी डिझेल संपलं. सिदाप्पानं विहिरीवरनं सात घागरी आणल्या. तीन इंजिनावर ओतल्या, चार सीटवर. मेस्त्रीनं टाकीत काडी घालून बघितली. काडी कोरडी ठाक.

"आंघोळ कसली घालतोस? हिची टाकी रिकामी आहे. डिझेल ओत, गळ्यापर्यंत!"

"एवढंच ना? आता नाही चुकायचा."

रविवारी बॅटरी उतरली. किल्ली फिरवली तर साधं टिक नाही. सिदाप्पा डिझेल ओतत राहिला. टाकी भरली, अंगण भरलं, कोंबड्या घसरून पडायला लागल्या. मेस्त्रीनं कपाळावर हात मारला.

"बॅटरी उतरलीय, बाबा! धक्का मारून चालू करायची. अन् एकदा चालू झाली की घराच्या दारात येईपर्यंत थांबायचं नाही. कुणी कितीही हात करू दे."

"एवढंच ना? आता नाही चुकायचा."

सोमवार उजाडला. आणि काय नवल! किल्ली फिरवली अन् जीप पहिल्या झटक्यात चालू. आईनं दहीसाखर हातावर ठेवली. "सून घेऊन ये रे!"

बाराला पाच कमी असताना सिदाप्पा जीपसकट मांडवाशी. सासऱ्याचा ऊर भरून आला. "या या, जावईबापू! उतरा!"

"उतरता येत नाही, मामा. घरी जाईपर्यंत थांबायचं नाही."

आणि तो मांडवाला चकरा मारायला लागला. एक झाली. दोन झाल्या. सासरा पुढनं हात करतोय, वाजंत्री मागनं पळताहेत, सनईवाल्याचा दम पिपाणीत अडकलाय.

"अहो, मुहूर्त चाललाय!"

"जीपपण चाललीय, मामा!"

शेवंता मोठी धीराची. पदर खोचला, हार घेतला आणि धावत सुटली. म्हणाली, "भटजी, तुम्ही चढा आधी. मंत्र म्हणा. पुढच्या चकरेला मी चढते."

भटजी धोतर सावरत टपकन आत. धापा टाकत मंगलाष्टकं म्हटली. "साऽवधान!" झालं, तशा अक्षता उडाल्या. शेवंतानं नेम धरून खिडकीतनं हार फेकला. सिदाप्पा नेमका वळणावर वाकला. हार भटजींच्या गळ्यात.

टाळ्या पडल्या. सिदाप्पाला वाटलं, उरकलं. त्यानं जीप घराकडे पिटाळली. भटजी "अरे थांब, थांब!" म्हणून ओरडत होते, पण सिदाप्पा ऐकतोय कशाला? कुणी कितीही सांगू दे!

दारात जीप थांबली. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरलेलं. आई ओवाळणीचं ताट घेऊन उभी. आतनं भटजी उतरले. गळ्यात हार, शेंडी सुटलेली.

आईनं जीपमध्ये वाकून बघितलं. "मेल्या, नवरी कुठाय?"

"ती मांडवातच थांबली गं. तिला काही मेस्त्रीनं थांबायचं नाही म्हणून सांगितलेलं नव्हतं."

मग सिदाप्पा भटजींकडे वळला आणि हळूच म्हणाला, "लाजू नका. उजवा पाय आधी टाका. अन् घ्या बघू माझं नाव."