प्रश्न काढलेलं पुस्तक

“मग पोरं येत का नाहीत, गुरुजी?”

डोमाजी शहारे गुरुजींनी यामिनीच्या आवाजाकडं तोंड वळवलं. ओसरीवरच्या खाटेवर ते मांडीवर हात ठेवून बसले होते. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले त्याला बराच काळ लोटला होता. तरी कुणी बोललं की त्या माणसाकडं तोंड वळवायची सवय सुटली नव्हती.

यामिनी लांजेवार त्यांचीच विद्यार्थिनी. ज्या शाळेत गुरुजींनी दोन कपाटांचं ग्रंथालय सांभाळलं, त्याच शाळेत ती आता मराठी शिकवत होती आणि ग्रंथालयही तिच्याकडंच होतं. दोन कपाटांची आता एक अख्खी खोली झाली होती. खाली सतरंज्या, भिंतींवर चित्रं, आणि दारासमोर जिल्ह्याकडून मिळालेली ढाल.

“मी काही करायचं बाकी ठेवलं नाही,” ती म्हणाली. “शनिवारी वाचनतास. पुस्तकांच्या परीक्षणांची स्पर्धा. पुस्तकातल्या पात्रांचे वेश. गावचा तलाव कुणी बांधला, यावर संशोधन प्रकल्प.”

“कुणी बांधला?”

“काय?”

“तलाव.”

यामिनी अडखळली. “सगळ्यांनी एकाच पुस्तकातला एकच उतारा लिहून आणला. अक्षर मात्र छान होतं...”

गुरुजी नुसते “हं” म्हणाले.

बक्षीस समारंभापर्यंत खोलीत बसायला जागा नसायची. नंतर गर्दी ओसरली ती ओसरलीच. दुपारच्या सुट्टीत यामिनी एकटी त्या खोलीत बसायची. मैदानावरचा कालवा ऐकू यायचा. दारात कुणाची सावली पडली की ती मान वर करायची. सावली पुढं निघून जायची.

“सहावीतल्या रागिनी उईकेचं तर मला नवल वाटतं,” ती म्हणाली. “स्पर्धेत पहिली आली. सगळ्यात जास्त परीक्षणं तिचीच. परवा आली, एक पुस्तक काढलं, उभ्याउभ्याच दोन पानं वाचली. मला म्हणाली, बाई, हे वाचलं तर लिहावं लागेल का?”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, लिहायचं तर असतंच ना बेटा. त्याशिवाय काय समजलं ते कसं कळणार?”

“मग?”

“पुस्तक जागेवर ठेवलं आणि गेली.”

यामिनीनं पदरानं घाम पुसला.

“सोमवारी मुख्याध्यापिकांना सांगून टाकणार आहे. ग्रंथालय दुसऱ्या कुणाकडं द्या म्हणून. या पोरांना वाचायचंच नाही, गुरुजी. आम्ही कसे तुमच्या कपाटाभोवती...”

तिनं पिशवीतून एक नवंकोरं पुस्तक काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. काय दिलं हे देऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि ती ओशाळली.

गुरुजींनी मुखपृष्ठावरून हात फिरवला. पुस्तक उघडून नाकाशी नेलं, डोळे मिटून एक खोल श्वास घेतला. बंद डोळ्यांच्या त्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते बघून यामिनीनं नजर दुसरीकडं वळवली.

“तू वाचलंस हे?”

“चाळलंय. प्रश्न काढलेत त्याच्यावर.”

गुरुजींनी पुस्तक परत तिच्या हातात दिलं.

“वाच.”

ती वाचू लागली. व्यासपीठावरून वाचावं तसं, खणखणीत. डोंगरापलीकडं मेंढरं घेऊन गेलेला एक बाप. पावसाळा उलटला तरी परतला नाही. त्याची मुलगी एकटीच त्याच्या मागावर निघते.

“यात लेखकानं निसर्गाचं वर्णन...” ती सांगायला लागली.

“वाच.”

ती वाचत राहिली. मुलगी धनगरांच्या एका वाड्यावर पोचली. तिथं कुणी ओळख दिली नाही. दुसऱ्या वाड्यावर एका म्हातारीनं तिला भाकर दिली, पण बापाचं नाव काढताच तोंड फिरवलं. यामिनीचा आवाज कधी खाली आला, तिला कळलं नाही. आता ती कुणाला ऐकवत नव्हती. मुलगी एका टेकाडावर चढली. पलीकडच्या उतारावर मेंढरं चरत होती. त्यांच्या कानांवरची खूण तिच्या बापाचीच. जवळ काठी टेकून एक माणूस उभा होता, पाठमोरा...

“थांब,” गुरुजी म्हणाले.

यामिनी थांबली. बोट ओळीवरच होतं.

“मुलीच्या स्वभावाचे विशेष सांग.”

“अं?”

“म्हातारीनं तोंड का फिरवलं? थोडक्यात सांग.”

“गुरुजी...”

“या गोष्टीतून कोणता बोध मिळतो?”

“गुरुजी, जरा थांबा ना,” ती चिडूनच म्हणाली. “तो तिचा बाप आहे का, ते तरी बघू द्या मला.”

शब्द तोंडातून गेले, आणि मग ते तिचे तिलाच ऐकू आले.

तिला रागिनी दिसली. उभ्याउभ्या वाचणारी. बोट ओळीवर ठेवून वर बघणारी.

काहीतरी बोलावं म्हणून यामिनीनं तोंड उघडलं. पण नजर पुन्हा पानाकडंच गेली. तो माणूस अजून पाठमोराच उभा होता.

“बघ की,” गुरुजी म्हणाले. “तुला कोण अडवतंय?”

ती वाचायला लागली. पहिल्या एकदोन ओळी मोठ्यानं वाचल्या असतील. मग ओठ नुसतेच हलत राहिले. मग तेही थांबले. यामिनीला गावाकडं परत नेणारी एसटी वळणावर येऊन हॉर्न देऊन गेली. आतून गुरुजींच्या सुनेनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. ओसरीवरचं ऊन अंगणात उतरलं.

शेवटचं पान उलटून झालं तेव्हा यामिनीनं डोळे पुसले आणि वर पाहिलं. गुरुजी तसेच बसले होते, तिच्याकडं तोंड करून, मान किंचित कलती ठेवून.

ती दचकली. इतका वेळ एका आंधळ्या माणसाला समोर बसवून ती मनातल्या मनात वाचत होती.

“माफ करा, गुरुजी,” ती म्हणाली. “तुम्हाला ऐकवायचं राहूनच गेलं. तुम्ही नुसतेच बसून राहिलात...”

“नुसता कुठं,” गुरुजी म्हणाले. “पानं उलटल्याचा आवाज येत होता ना. किती वर्षांनी ऐकला.”