मास्तरांचं इंजेक्शन

"...पण मी ते इंजेक्शन बंदच केलं, तर तुम्ही रागावाल का, मास्तर?"

बाळगोंडा मास्तर ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. एक फोडली, दाणे हेमांगीच्या हातावर ठेवले.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"नको म्हणतात. बंद करू नका म्हणतात."

"मग झालं की."

"तुम्ही काय म्हणता?"

"म्हणजे माझं 'हो' न्यायला आलीस. एवढ्या लांब."

हेमांगीनं दाणे तोंडात टाकले. खरं तेच होतं.

ती या गावचीच. शिरगुप्प्यांची थोरली. कृष्णेच्या या घाटावर मास्तरांनी पाठीला सुका भोपळा बांधून तिला पाण्यात सोडलं, तेव्हा ती दुसरीत होती. इतर पोरं महिनाभर भोपळ्याला चिकटून असायची. हिनं आठवड्यातच तो सोडून फेकला. पुढे तिनं जिल्हा मारला, राज्य मारलं, धरमतरपासून गेटवेपर्यंतचा समुद्र पोहून काढला. पुण्यात शेकडो मुलांना पोहायला शिकवलं. एकदा सांगितलेलं तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही, असं मास्तर सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. तीही ते ऐकून मान ताठ करायची.

मग एका वर्षी तिचा डावा पाय बधिर झाला. काही महिन्यांनी एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं, ते कित्येक दिवस हटलंच नाही. डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरॉसिस. शरीराची राखण करणारी फौजच उलटते आणि नसांवरचं आवरण कुरतडते. बरं होत नाही. आवरून धरता येतं. त्यासाठी दिवसाआड इंजेक्शन, आपलं आपणच घ्यायचं, कातडीखाली.

डोळा पुष्कळसा परत आला. पाय जेमतेम. इंजेक्शन मात्र तिच्या अंगाला सोसेना.

तिनं बाही वर सारली. दंडाच्या मागे लाल चट्टे होते. त्यांच्याखाली गाठी, सुपारीएवढ्या. एका ठिकाणी खळगा पडला होता.

"मांड्यांवरही असंच. पोहण्याचा पोशाख घालायची सोय राहिली नाही. तलावावर बायका बघतात. एकीनं तर विचारलं, लागण होते का म्हणून... मी तलावावर जाणंच सोडलं."

मास्तरांनी गाठीवर हलकेच बोट ठेवलं. ती दचकली.

"दुखतं?"

"आग होते. हे औषधच मला मानवत नाही."

"असेल."

त्यांनी उरलेल्या शेंगा सुपात लोटल्या आणि खाली नदीकडे पाहत बसले.

घाट तोच होता, पण त्यावर पोरं नव्हती. पूर्वी या वेळेला इथं कोण गलका असायचा. ओल्या चड्ड्या पायऱ्यांवर वाळत पडायच्या, दात कडकडायचे, आणि मास्तरांच्या घरून ज्वारीची भाकरी नि शेंगदाण्याची चटणी यायची. भाकरी मोडून वाटताना मास्तर कुणाचे ओठ निळे पडलेत ते बघायचे. त्याला पहिला घास. आता पायऱ्यांवर शेवाळ होतं, आणि पंपाचा आवाज.

"भोपळे आहेत अजून?" तिनं विचारलं.

"माळ्यावर. उंदरांनी पोखरले. आता पोरं सांगलीला तलावात जातात. फुगवलेल्या पट्ट्या असतात म्हणे दंडाला."

"माझ्या तलावावरही त्याच आहेत."

दोघंही हसली.

आतून सुनेनं हाक दिली, "मामंजी, ऊन उतरलं. सुईची वेळ झाली."

मास्तर जैन. दिवस मावळायच्या आत जेवण. आणि साखरेचा आजार जुना, म्हणून जेवणाआधी इन्सुलिन. हल्ली हात कापायचा, तेव्हा सूनच द्यायची.

"आज ही देईल," मास्तर म्हणाले.

"मी?"

"का? येत नाही?"

त्या शब्दानं ती उठलीच. साबणानं हात धुतले. सुनेनं फळीवरची बाटली आणि सुई आणून दिली. हेमांगीनं बाटली तळहातांत धरून हलकेच फिरवली, मात्रा सुनेला विचारून दोनदा पडताळली, सुई उजेडाकडे धरून हवा काढली.

"काल कुठं घेतलं होतं?"

"पोटावर. डावीकडं."

"मग आज उजवीकडे. बेंबीपासून लांब. टेका मागं. पोट सैल सोडा, मास्तर."

तिनं स्पिरिटचा बोळा फिरवला आणि थांबली.

"आता कशाला थांबलीस?"

"वाळू दे. ओलं असताना टोचलं की चुरचुरतं."

मग तिनं कातडी हलकेच चिमटीत धरली. म्हाताऱ्याची कातडी, पातळ, जुन्या धोतरासारखी मऊ. सुई आत गेली तेव्हा मास्तरांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. तिनं औषध सावकाश सोडलं, जराशी थांबली, सुई आली तशी सरळ बाहेर काढली. मास्तरांचा हात सवयीनं पोटाकडे गेला.

"चोळू नका! नुसता बोळा धरा."

मास्तरांनी बोळा धरला.

"कळलंसुद्धा नाही. कुणी शिकवलं हे?"

"हॉस्पिटलातल्या सिस्टरनं. अगदी पहिल्या दिवशी."

"किती वेळा सांगितलं तिनं?"

"एकदाच. ती पुन्हा या म्हणाली होती, करून दाखवा म्हणाली होती. मी म्हटलं, गरज नाही. मला एकदा सांगितलं की..."

ती थांबली.

"आणि स्वतःला कशी देतेस?"

ती बोलली, ते जमिनीकडे बघून.

"फ्रिजमधून काढते आणि देते. गार असतं तसंच. स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. वाळायची वाट बघत नाही. हात पोचेल तिथं. बहुतेक त्याच जागी. दात आवळून खुपसते... आणि मग खसाखसा चोळते."

"का गं?"

"संपवायचं असतं, मास्तर. राग येतो. या अंगानं मला समुद्र पार करून दिला, आणि आता हेच माझ्यावर उलटलं! त्याला कशाला जपू?"

मास्तरांनी बोळा काढला. खाली काही नव्हतं, एवढासा ठिपकासुद्धा नाही. त्यांनी सदरा खाली ओढला.

"मघाशी माझं ज्या बाईनं एवढं मायेनं केलं," ते म्हणाले, "तिला एकदा तुझ्या घरी घेऊन जा."

हेमांगीच्या डोळ्यांतून पाणी आलं. बधिर पायाच्या, अंधुक डोळ्याच्या त्या सगळ्या काळात ती कुणासमोर रडली नव्हती. मास्तरांनी तिकडे पाहिलं नाही. ते सुनेला म्हणाले, "हिचंही ताट वाढ."

बंद करायचं ठरवून आलेल्या या बाईच्या पिशवीत, बर्फाच्या डबीत, त्या दिवशीची सुई होती. ती का आणली, हे तिलाही सांगता आलं नसतं. जेवायला बसण्याआधी तिनं ती काढून सावलीत कोनाड्यात ठेवली, गारठा जाऊ दे म्हणून.

तेवढ्या वेळात जेवण झालं. भाकरी, वांग्याचं भरीत, ताक. मास्तर एकेका पोराची आठवण काढत राहिले. मगर मगर म्हणून ओरडणारा, ज्याला पाण्यातलं झाडाचं खोड दिसलं होतं. भोपळा बांधूनही बुडणारा. कोण लष्करात गेलं, कोण राहिलंच नाही. सुई कोनाड्यात निवांत पडून होती. हेमांगीला आठवेना, गेल्या वर्षभरात कुठल्या इंजेक्शनाआधी ती हसली होती.

मग ती आतल्या खोलीत गेली. बसली. जिथं अजून काही झालं नव्हतं अशी जागा पोटावर शोधली. बोळा फिरवून वाळेपर्यंत थांबली. दात आवळले गेले, तसा तिनं हात खाली घेतला आणि पुन्हा उचलला. मघाशी मास्तरांना म्हणाली होती तेच हळूच म्हणाली, "सैल सोड..."

सकाळी तिथं फिकट गुलाबी वर्तुळ होतं. खाजत होतं थोडं. गाठ नव्हती.

पुण्याला परतल्यावर ती त्याच सिस्टरकडे गेली आणि म्हणाली, "मला पहिल्यापासून शिकवा." सिस्टरनं तिचा हात धरून सुईचा कोन सुधारला, हेमांगी जरा वरवरच टोचत होती. गाठींच्या जागांना बरे होईपर्यंत हात लावायचा नाही, आणि प्रत्येक वेळी जागा बदलायची, हे पुन्हा समजावलं. हेमांगीनं सगळं ऐकलं. दुसऱ्या खेपेलाही ऐकलं. काही वेळा तरीही चट्टा उठला, आणि दंडावरचा खळगा तर भरलाच नाही. तो भरणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण नव्या गाठी क्वचितच आल्या. आणि इंजेक्शन तिनं एकदाही चुकवलं नाही.

हिवाळा सरता सरता ती पुन्हा गावी आली. पहाटे काठी टेकत घाटावर उतरली. मास्तर सुनेचा हात धरून आधीच येऊन बसले होते. नदीवर वाफ होती. पलीकडचा काठ दिसत नव्हता.

हेमांगीनं शाल काढून पायरीवर ठेवली. दंड उघडे होते. जुने डाग, खळगा, सगळं उघडं. मास्तरांनी ते पाहिलं.

ती काठावर उभी राहिली. अंगात जुनी खुमखुमी आली. या पायरीवरून ती नेहमी सगळ्यांच्या आधी उडी घ्यायची, पाण्याचा केवढा फवारा उडायचा.

"सूर मारू का, मास्तर? पूर्वीसारखा?"

मास्तरांनी पाण्यावरच्या वाफेकडे बोट केलं.

"हळू उतर, बाई. पाणी अजून झोपलंय."