धांदलसेन राजा आणि दारातली विहीर

पाय आत घ्या बघू, आणि पांघरुणाची ओढाओढ बंद. हां. तर एक होता राजा, आणि त्याला होती भारी घाई. नाव धांदलसेन.

घाई कसली, तर पुरीची. रोज सकाळी तो नदीवर आंघोळीला जायचा. तेवढ्यात राजवाड्यात त्याच्यासाठी पुऱ्या तळायला घ्यायचे. राजाला पुरी हवी टम्म फुगलेली. जरा उशीर झाला की पुरी बसायची, आणि पुरी बसली की राजाचं तोंड उतरायचं. म्हणून मग नदीवरून निघाला की रथ नुसता उधळायचा.

वाटेत एक गल्ली होती, अगदी अरुंद. रथ आला की कोंबड्या पळायच्या, म्हाताऱ्या भिंतीला चिकटायच्या. त्या गल्लीत राहायची भागाक्का. ती रांगोळी विकायची. घरात ती आणि तिची नात ठकू. ठकू नुकती रांगायला लागली होती, आणि उंबरठा ओलांडला की थेट रस्ता, बरं का. भागाक्काच्या जिवाला घोर लागला.

मग ती राजाकडे गेली. म्हणाली, "महाराज, गल्लीत तेवढा रथ हळू हाका. लेकरू रांगतंय."

राजा म्हणाला, "पोर तुझं, सांभाळ तू. माझी पुरी कोण सांभाळणार?"

आता काय बोलायचं असल्या माणसाशी. भागाक्का घरी आली. दारात रांगोळी तर रोजच काढायची, त्याला राजाची परवानगी लागत नाही. पण साधी गोपद्मं काढली तर ती राजाच्या डोळ्यांत भरायची नाहीत, चाकं जायची वरून. म्हणून तिनं पांढरी, काळी, राखाडी रांगोळी घेतली आणि दारासमोर विहीर काढली. बाजूनं पाहिलं तर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. पण नदीकडून येणाऱ्याला दिसायची खोल खोल विहीर, तळाशी पाणी, आणि पाण्यात एक बेडूक. बेडकाची काही गरज नव्हती, पण हात चालायला लागला की राहवतंय का.

मग रथ आला धडाडत. घोड्यांनी विहीर पाहिली आणि पाय रोवले. राजा गेला पुढच्या पुढे, थेट घोड्याच्या शेपटीत. काल तर इथं काही नव्हतं, असं म्हणत त्यानं दोर आणि घागर मागवली. घागर सोडली. ठण्ण. आत गेलीच नाही. प्रधानजींनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "महाराज, पाणी फार कडक आहे."

पुरी बसली.

दुसऱ्या दिवशी राजा म्हणाला, आज विहीर दिसली तरी थांबायचं नाही. पण आज विहीर नव्हतीच. आज होता धोंडा, म्हशीएवढा, शेवाळलेला. घोडे पुन्हा तिथंच थांबले. राजानं पैलवान बोलावले. त्यांनी लंगोट कसले, खांदा लावला, आणि सगळे एकावर एक आडवे. राजा म्हणाला, दमलो बुवा, जरा टेकतो. आणि धोंड्याला टेकायला गेला. हसताय काय, राजा आहे तो. चांगला उताणा पडला, पाठीला सगळी रांगोळी.

मग भागाक्काला पुढे बोलावलं. "रस्त्यात हे काय मांडलंस?"

"रस्त्यात कुठं, महाराज, दारात. रांगोळी आहे. दारात रांगोळी काढू नका अशी दवंडी पिटायची तर पिटा. दिवाळी तोंडावर आलीय."

असली अशुभ दवंडी कुठला राजा पिटेल? धांदलसेन पाठ झटकत रथात चढला. पुरी परत बसली.

तिसऱ्या दिवशी रथात चढतानाच त्यानं सारथ्याला सांगितलं, "आज वाघ दिसो नाहीतर डोंगर दिसो, सगळी रांगोळी असते. थांबायचं नाही."

आणि नेमकी त्याच दिवशी भागाक्काची काळी रांगोळी संपली. ती कोळसा कुटायला आत गेली. तिची पाठ वळली तशी ठकू उंबरठा ओलांडून बाहेर, रस्त्याच्या मधोमध. तेवढ्यात रथ आला. राजानं पाहिलं आणि टाळी वाजवली. "वा म्हातारे, आज बाळ काढलंस होय. दामट रे रथ."

सारथ्यानं चाबूक ओढला.

घाबरू नका, घोडे थांबले. दोन दिवस त्याच दारात थांबले होते ना, त्यांना ती जागा पाठ झाली होती. चाबकालाही जुमानेनात. राजा चिडून खाली उतरला. आत्ता पुसून टाकतो हे बाळ, म्हणाला, आणि वाकून त्यानं बाळाच्या नाकावर बोट ठेवलं. बाळानं राजाची मिशी धरली आणि ओढली.

रांगोळी मिशी ओढत नाही, बरं का.

राजा तिथंच धुळीत बसला. भागाक्का धावत आली, हात कोळशानं काळे. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "भागाक्का, मी दामट म्हणालो होतो गं."

भागाक्कानं आधी पोर उचललं आणि कितीतरी वेळ पोटाशी धरून उभी राहिली. मग राजाचा चेहरा बघून तिलाच दया आली. आत जाऊन तिनं कढई तापत ठेवली. तिनं एक पुरी तळली, टम्म फुगलेली, आणि राजाच्या हातावर ठेवली. राजानं आधी बोटानं दाबून पाहिली, खरी आहे ना. बोट भाजलं, तेव्हा कुठं खाल्ली.

तेव्हापासून रथ गल्लीच्या तोंडाशीच थांबायला लागला. राजा खाली बघत, प्रत्येक दारातल्या रांगोळीला वळसा घालत चालत जायचा. राजवाड्यात पोचेपर्यंत पुरी बसायची, ती मुकाट्यानं खायचा. ठकू रस्ताभर रांगली, मग धावली, आणि मोठी होऊन आजीपेक्षा खोल विहिरी काढायला लागली. सगळी मजेत राहिली.

चला, मिटा डोळे. आणि हे कडेला इतकं शहाण्यासारखं झोपलंय, ते खरं पोर आहे की कुणी चित्र काढून ठेवलंय? थांबा, नाकावर बोट ठेवून बघते. हं, हसलं. खरंच आहे. झोप आता, लबाडा.