यादीची नाडी

रुग्णालयात परिचारिकांसाठी समान वागणुकीचं प्रशिक्षण होतं. अधीक्षक धारप ऐटीत म्हणाले, "इथे कुणावर अन्याय होत असेल तर हात वर करा!"

त्यांच्यासमोर कोण हात वर करणार?

"बघा, एकही नाही! अहवालात लिहा, भेदभाव नाही."

अहवाल गेला की दाद मागायची सोय संपली. वसावे सिस्टर बिचकत उठल्या.

"सर, पेशंट कण्हत नाही म्हणून आपण त्याला घरी सोडतो का? आधी नाडी बघतो ना?"

"मग इथे कुणाची नाडी बघायची, सिस्टर?"

"ड्युटीच्या वहीची."

प्रशिक्षक बाईंनी वही उघडून मोठ्याने वाचली. सलग सहा वर्षं दिवाळीच्या ड्युटीला तीच चार नावं होती: गावित, पाडवी, वळवी, वसावे. चौघीही आदिवासी पाड्यांवरून आलेल्या.

ड्युट्या लावणाऱ्या मेट्रनबाईंनी मान खाली घातली आणि यंदाची दिवाळीची यादी सगळ्यांदेखत फाडली.