प्लगमधली फट

घाटात मोजक्याच जीपगाड्या धावत, त्या काळातली ही गोष्ट. एका जुन्या जीपच्या प्लगमध्ये सरळ कांडी आणि तिच्यासमोर वाकलेली पट्टी राहत. दोघींमधल्या बारीक फटीत ठिणगी पडे, तेव्हा इंजिन चाले.

“कशाला हा दुरावा?” म्हणत पट्टी एकदा कांडीला चिकटली. ठिणगी पडेना. चढावर जीप आचके देत थांबली.

“मामा, लवकर करा हो!” बाळंतपणाला निघालेली रखमा कण्हली.

ड्रायव्हर अंतोनमामांनी प्लग काढून पट्टी हलकेच उचलली. “एवढी फट हवीच,” ते पुटपुटले.

इंजिन धडधडलं. रखमा वेळेत दवाखान्यात पोचली आणि सुखरूप बाळंत झाली.

“केवढा लखलखाट गं तुझा!” पट्टी कांडीला म्हणाली. “तुला चिकटले होते, तेव्हा नुसता काळोख होता.”

“माझा कुठला? तू समोर उभी राहतेस, म्हणून तो होतो.”