तांबट आळीची उघडी माडी

जुन्या पेठेत तांबट आळीच्या टोकाला एक दुमजली घर आहे. सुट्टीत आलेल्या पाहुण्यांना ते उतरायला देतात. आळीतल्या बाकी सगळ्या घरांची पाठ डोंगराकडे आहे. या एकाच घराच्या माडीला डोंगराच्या बाजूने भिंत नाही. नुसते चार सागवानी खांब, आणि समोर अख्खा डोंगर. पाहुणे थक्क होऊन उभे राहिले की घर सांभाळणारे भिकाजीअण्णा त्यांना तिथेच खाली बसवतात आणि म्हाळसेची गोष्ट सांगतात.

पूर्वी म्हणे इथे डोंगराकडे खिडकीसुद्धा ठेवत नसत. डोंगराची नजर लागते, असा समज होता. एकदा या घरातला विसाजी तांबट आठ जणांबरोबर भांडी विकायला खिंडीपलीकडे गेला. परतायच्या दिवशी असं धुकं उतरलं, की अंगणातली विहीर दिसेना. खिंडीतली वाट कड्याच्या काठाने होती. घरात बसून त्याच्या बायकोचा, म्हाळसेचा, जीव थाऱ्यावर राहीना. तिने पहार उचलली आणि माडीची भिंत पाडायला घेतली.

"पोरी, सगळ्या आळीवर संकट आणशील!" सासरे ओरडले.

"मामंजी, त्यांना वाट दिसत नाही. निदान आवाज तरी ऐकू जाऊ दे."

भिंत पडली. तिने तांब्याचं मोठं घंगाळ खांबाला टांगलं आणि नवऱ्याच्या हातोड्याने बडवू लागली. संध्याकाळपर्यंत त्या आवाजाच्या रोखाने सात जण उतरून आले. तिने प्रत्येकाचं तोंड निरखून पाहिलं. विसाजी नव्हता. एकाचा पाय मोडला म्हणून तो त्याच्यापाशी मागे थांबला होता.

म्हाळसा बडवत राहिली. तळहात सोलले, तिने फडकी बांधली. कुणी हातोडा मागितला तरी देईना. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उभ्याउभ्या कोसळली. हातोडा हातातून गळला.

आणि असं सांगतात, की आवाज थांबला नाही. तोच ठोका, तीच लय, पण डोंगरातून येत होती. सारी आळी रस्त्यावर येऊन उभी राहिली. सासऱ्यांनी पागोटं उतरवून हात जोडले.

दुपारी धुक्यातून विसाजी आला. पाठीवर तो जखमी माणूस होता. म्हाळसेचे हात पाहून त्याला रडू आलं.

"अगं, क्षणभर तरी थांबायचंस!"

"मी तर सकाळीच पडले हो," ती म्हणाली.

दोघांनी वळून डोंगराकडे पाहिलं. तेवढ्यात तो शांत झाला.

ती भिंत पुन्हा कुणी बांधली नाही. आजही माडीवर घरचं माणूस झोपत नाही, वाटेने आलेल्यालाच ती जागा देतात. आणि आजही खिंडीत धुकं उतरलं की आळीतले तांबट काम करता करता हात थांबवतात, थोडा वेळ कान देऊन ऐकतात, आणि मगच पुढचा ठोका घालतात.